हंगामात आलेली आई

आईने माझी डावी बाही वर सारली तेव्हा तिच्या मनात काहीही नव्हतं. नर्सबाईंना मदत करावी, एवढंच. त्या रक्तदाबाचा पट्टा घेऊन उभ्या होत्या, मी सवयीने उजवा हात पुढे करत होते, पण उजवीकडे भिंत होती आणि डावीकडे आई. कुणी काम करताना दिसलं की आमच्या आईचे हात गप्प बसत नाहीत. तिने बाही दंडापर्यंत नेली आणि थांबली. मग उघड्या ताटावर झाकण ठेवावं तशी ती पुन्हा मनगटापर्यंत आणली आणि बटण लावलं. तेवढ्यात दारातून कुणीतरी हाक मारली. नर्सबाई वळल्या, दोन शब्द बोलल्या आणि आम्हाला म्हणाल्या की डॉक्टर मॅडमना एका बाळंतिणीकडे तातडीने जावं लागलंय, वेळ लागेल, तुम्ही बाहेर बसा. त्यांनी काही पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं जे मी कुणाला, अगदी एका खोलीत राहणाऱ्या दिपालीलाही, दिसू दिलं नव्हतं, ते आईला मदत करण्याच्या नादात दिसून गेलं होतं.

नगरच्या सावेडीतल्या त्या दवाखान्यापुढे गाड्या लावायच्या जागेत एक लिंब आहे आणि त्याखाली सिमेंटचं बाकडं. आम्ही तिथे बसलो. आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढून मला दिली, स्वतः प्यायली नाही. मी मनात उत्तरं जुळवत होते. खिडकीच्या गजाला खरचटलं. मांजराने ओरबाडलं. इस्त्रीचा चटका बसला. ही सगळी उत्तरं माझ्याकडे केव्हापासून तयार होती, कुणी विचारलं तर द्यायला. न विचारता पाणी देणाऱ्या माणसासाठी मात्र मी काही तयार ठेवलं नव्हतं. जानेवारीचं ऊन होतं, चांगलं वाटणारं. कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती आणि तो गृहस्थ तिला लाथा घालत होता. आई माझ्याशेजारी होती, भरदिवसा, ऐन हंगामात. खरं तर मला भीती वाटायला हवी होती, आणि ती वाटतही होती, पण तिच्याही आधी दुसरंच काही वाटत होतं: आईचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता, तो तसाच लागून राहावा.

कारण माझी आई हंगामात येत नाही. दिवाळी झाली की आमच्या पाथर्डीकडच्या गावात ऊसतोडीला नेणारे ट्रक येऊन उभे राहतात, त्यांत भांडी चढतात, गोधड्या चढतात, पाय बांधलेल्या कोंबड्या चढतात, आणि शेवटी माणसं. मग कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, गावात उरतात म्हातारी आणि शाळेतली पोरं. मला चुलतीकडे ठेवलेलं असायचं. भीमाबाई चुलती वाईट नव्हती. तिने मला भाकरी कधी कमी पडू दिली नाही आणि स्वतःच्या पोरींना मारलं त्यापेक्षा जास्त कधी मारलं नाही. आणखी काय मागणार तिच्याकडे? पण मला गोवर झाला तो हिवाळ्यात. शाळेत पहिला नंबर आला आणि पाहुण्यांनी हार घातला तो हिवाळ्यात. पहिल्यांदा कपड्याला डाग लागला आणि मी गोठ्यामागे जाऊन बसले, तोही हिवाळाच. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या मोठ्या गोष्टी हंगामात झाल्या, आता यात आईची काय चूक? गुढीपाडव्याच्या आसपास ती यायची, काळी पडलेली, वाळलेली. मला जवळ घ्यायची तेव्हा मी तिच्या अंगाचा वास ओळखायला एक दिवस घालवायचे, आणि जरा ओळखीचा झाला की पुन्हा दिवाळी जवळ आलेली असायची. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. दोन माणसं मिळून एक कोयता, त्यांतलं एक नसलं तर दुसऱ्याला अर्धा कोयता म्हणतात. मी लहानपणी हे ऐकायचे आणि मला वाटायचं, मग मी कशाचा भाग आहे? मी तर त्या कोयत्यात कुठेच नव्हते.

रक्त कमी झाल्याचं कळलं ते दुकानात. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, गुलमोहर रोडला. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर काचा बदलत विचारायचं, आता स्पष्ट दिसतं का, आणि आता? एका आजोबांना विचारता विचारता माझ्याच डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी काउंटरवर कोसळले. मालक रंगनाथशेठ घाबरले. त्यांनीच या डॉक्टर मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी माझी खालची पापणी ओढून पाहिली. पांढरीफटक आहे म्हणाल्या. रोज इतक्यांचे डोळे पाहणारी मी, माझे डोळे कुणी पाहावेत याची मला सवयच नव्हती. मला एकदम रडू येईल असं वाटलं आणि नेहमीसारखं आलं नाही. त्यांनी विचारलं, पाळीत जास्त जातं का? मी हो म्हटलं. किती सोपं होतं ते. बाईच्या अंगातून रक्त जायला एक सरकारमान्य वाट आहे, तिच्यावर कुणी संशय घेत नाही. खरं म्हणजे रक्त कशाने एवढं उतरलं ते मला पुरतं ठाऊक नव्हतं. मेसचा डबा अर्धा परत जायचा, चहावर दिवस निघायचा. आणि ते होतं.

त्याला मी नाव दिलेलं नाही. बारावीच्या वर्षी, अशाच एका हिवाळ्यात, मला रडू येणं बंद झालं. वाईट वाटायचं ते बंद झालं नाही, रडू तेवढं बंद झालं. छातीत दाटून यायचं आणि दाटूनच राहायचं, आणि मग एके दिवशी मी माझ्या हातावर राग काढला. त्याने काही सुटलं असं म्हणेन तर ते खोटं होईल. आधी एक गोष्ट लपवायची होती, मग दोन झाल्या, एवढाच हिशेब. कधी महिने महिने काही नाही. मला वाटायचं सुटलं. मग दिवाळीनंतर गावातल्या चौकात ट्रक उभे असल्याचा फोटो कुणीतरी मोबाईलवर टाकायचं. भर उन्हाळ्यात पूर्ण बाहीचा कुडता घालते म्हणून दिपाली मला शाळामास्तरीण म्हणते. मी हसते. मी फार हसरी आहे, दुकानात विचारा कुणालाही.

मॅडमनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी रक्त वाढलं नाही. त्यांनी सोनोग्राफी करायला सांगितली, आणि पुढच्या वेळी घरचं कुणीतरी बरोबर आणा म्हणाल्या. दिपाली आली असती. पण मी रस्त्यावरच उभी राहून आईला फोन लावला. यंदा त्यांना ऊस जवळचाच मिळालाय, कोल्हारच्या बाजूला, प्रवरेकाठी. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज होता. रक्त कमी झालंय म्हणतात, मी म्हटलं. आईने हळूच विचारलं, अंगावरून लई जातंय का? इथेही मी हो म्हटलं. हे मात्र सोपं नव्हतं. कारण मला ठाऊक होतं, आई हा आजार ओळखते. तिची स्वतःची गर्भाची पिशवी तिशीच्या आतच काढून टाकली होती. पाळीचा त्रास, त्यात खाडा पडला की मुकादम दंड लावणार, मग टोळीतल्या बायकांचं बघून तीही गेली एका डॉक्टरकडे आणि मोकळी होऊन आली. तेव्हापासून तिची कंबर धरते, पण ते कुणाला सांगायचं नाही. मी नेमकं तेच दुखणं उचललं जे ऐकून ती थांबणार नाही. तसं मी ठरवून केलं नाही, पण तोंडातून निघाल्यावर मागेही घेतलं नाही.

आणि ती आली. सकाळी माळीवाड्याच्या स्टँडवर उतरली, ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत शेंगदाण्याचे लाडू, खारीक आणि काकवीची बाटली. रिक्षात माझा हात धरून बसली. तिने सगळा बेत केलेला होता. माझ्यावरच गेलीस तू, ती म्हणाली, आमच्यात हे हायच. येत्या उन्हाळ्यात लगीन उरकून घेऊ, दोन लेकरं होऊ देऊ, मग पिशवी काढून टाकू, तोवर गोळ्या खायच्या. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. मला हसू आलं. माझ्या एका खोट्यातून तिने माझा सबंध जन्म आखून टाकला होता, तिच्या स्वतःच्या जन्मासारखाच. तरी तिचा हात मी सोडवून घेतला नाही. खडबडीत, घट्टे पडलेला तो हात, आणि मनात येत होतं की नगर शहर आणखी मोठं असायला हवं होतं.

म्हणून त्या बाकड्यावर मी वाट पाहत बसले होते. स्कूटर एकदाची सुरू झाली आणि तो गृहस्थ निघून गेला. मग आईने समोर बघतच विचारलं, “कुनाच्या टोळीत जातीस?”

मला कळेचना. मी म्हटलं, कसली टोळी?

“ऊस तोडाया. कुनाच्या टोळीत जातीस, सांग. मी काय मारत न्हाई तुला.”

तिने सगळं जोडून काढलं होतं. चष्म्याच्या दुकानात काम करते हे मी सांगते ते खोटं, किंवा अर्धंच खरं. सुट्टीच्या दिवशी मी कुठेतरी रोजाने उसात जाते. नाहीतर एवढ्याशा पगारात घरी पैसे कसे पाठवते? आणि अंगातलं रक्त कसं आटतं? आणि हात असा कशाने होतो? उसाचा पाला पात्यासारखा असतो. तोडणाऱ्या बायांचे हात कोपरापासून मनगटापर्यंत त्याने चिरलेले असतात, आईचेही आहेत, मी जन्मापासून पाहते आहे. तिच्या जगात बाईच्या हातावर अशा खुणा उमटवणारी एकच गोष्ट होती, आणि ती तिने माझ्या हातावर ओळखली. तुला ह्याच्यातनं काढावं म्हणून मागं ठिवलं, ती म्हणाली, पोटावर दगड ठिवून ठिवलं, आन् तू गेलीस त्याच उसात. मग तिने माझा हात बाहीवरूनच आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, “शर्ट घालत न्हाईस का वरनं? बापाचा, भावाचा, कुनाचाबी, पुरी बाही असलेला. आन् पाल्यात उलटा हात घालायचा नस्तो, बाई. कुनी शिकवलं न्हाई का तुला?”

सहा वर्षांची असताना मी एकदाच त्यांच्याबरोबर हंगामाला गेले होते. पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहत होतो. पहाटे आई लुगड्यावर दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पूर्ण बाहीचा शर्ट चढवायची, डोक्याला फडकं गुंडाळायची, आणि मला ती पुरुषासारखी दिसायची, भीती वाटायची. मी मोळ्यांवर बसून ऊस चोखत राहायचे. संध्याकाळी चुलीपाशी ती शर्ट काढून हात पुढे करायची आणि त्यांवर खोबरेल लावायचं काम माझं होतं. झोंबलं की ती दातांमधून हवा ओढायची आणि मी फुंकर घालायचे. इतकी आई मला पुन्हा कधी मिळाली नाही. पुढच्या वर्षी शाळेचं वय झालं. तिला वाटलं, ती मला उसातून सोडवतेय. मला वाटलं, मी तेल नीट लावलं नाही.

नुसतं हो म्हणायचं होतं. एखाद्या मुकादमाचं नाव घ्यायचं, कल्याण, करण, कुणीही, नावांना काय तोटा. आईने शिव्या घातल्या असत्या, ती रडली असती, आणि मग तिने माझ्या हाताला तेल लावलं असतं. यात काही लाजिरवाणं नव्हतं. माझ्या खुणांना घामाची, कष्टाची, आमच्या घराण्याची खूण म्हणून मान मिळाला असता. मी लेक शोभले असते तिची. या एका शब्दाची मला किती ओढ लागली ते मी सांगू शकत नाही. माझा हात तिच्या मांडीवर होता आणि ती बाहीवरून अंगठा फिरवत होती, अगदी हलका, जणू खालचं सगळं तिच्या ओळखीचं आहे. पण तिला जे ओळखीचं वाटत होतं ते मी नव्हते. ती कुरवाळत होती तो तिचाच हात होता. मी हो म्हटलं तर ती संध्याकाळच्या गाडीने परत जाईल, आणि ती पुन्हा उसाशी भांडेल, आणि मी खोलीवर परत जाईन, आणि मग मला कुणीच कधी पाहिलेलं नसेल. मला धाप लागली. रक्त कमी असलं की लागते, मॅडमनी सांगितलं होतं.

“नेलं असतंस तर शिकले असते,” मी म्हणाले. “ऊस न्हाई, आई. मी कुनाच्या टोळीत जात न्हाई. ते माझं मीच केलंय.”

तिचा अंगठा थांबला. मंजी, तिने विचारलं. मी तेच पुन्हा सांगितलं. तिला शब्द कळत होते, अर्थ लागत नव्हता. दुकानात चुकीची काच घातल्यावर माणसं अक्षरांकडे बघतात तशी ती माझ्याकडे बघत होती. कशापायी, ती म्हणाली. मला इतक्या वर्षांत याचं उत्तर सापडलं नव्हतं, ते तिला दोन वाक्यांत कसं सांगणार? मी म्हटलं, दाटून यायचं आणि रडू यायचं नाही. मग पाळीचंही खोटं आहे हे सांगून टाकलं, कारण आता एक ठेवून दुसरं सांगण्यात अर्थ नव्हता. पाळीचं म्हटलं तर तू येशील असं वाटलं, मी म्हणाले.

“आन् खरं सांगितलं असतंस तर मी आले नसते व्हय?”

हो म्हणावं तर ते क्रूर, नाही म्हणावं तर ते खरं की खोटं हे मला ठाऊक नव्हतं. बहुतेक तिलाही नव्हतं. तिने मला मारलं नाही, पोटाशीही धरलं नाही. तोंडाला पदर लावून ती फाटकाकडे बघत राहिली. मला वाटलं, गेली. आता ही उठेल, पिशवी उचलेल, स्टँडकडे चालू लागेल, आणि तिचं काही चुकणार नाही. बऱ्याच वेळाने तिने पदर खाली केला. तिचा आवाज अगदी साधा होता, भाकरी खाल्लीस का विचारावं तसा.

“कोन हुतं तवा तुज्यापाशी?”

“कुनी न्हाई,” मी म्हणाले, आणि मला रडू आलं. बारावीपासून अडलेलं, भर उन्हात, गाड्या लावायच्या जागेत, लोक येत-जात असताना. नाक, तोंड, सगळं एक झालं. आईने माझा हात मांडीवरून सोडला नाही.

मॅडम आल्यावर आम्ही दोघी आत गेलो. सकाळपासून माझ्या वतीने बोलणारी आई या वेळी खुर्चीवर गप्प बसली आणि मी बोलले. अडखळत बोलले, उलटंसुलटं, पण बोलले. मॅडमनी माझा हात पाहिला, रागावल्या नाहीत, उपदेशही केला नाही. जीव द्यावा असं मनात येतं का, हे त्यांनी सरळ विचारलं आणि मी सरळ सांगितलं की तसं नाही, पण कधीकधी दमायला होतं. सोनोग्राफी मी आधीच करून घेतली होती, तिच्यात काही निघालं नव्हतं. रक्तासाठी शिरेतून लोह देऊ, त्या म्हणाल्या, आणि याच्यासाठी एक मानसोपचाराच्या डॉक्टर आहेत, चांगल्या आहेत, मी आत्ताच फोन करते, उद्या सकाळी जा. सावकाश बरं होतं हे, पण होतं. फक्त इतक्यात हिला एकटीला ठेवू नका. आईने विचारलं, किती दिस? मॅडम म्हणाल्या, ते आत्ताच सांगता येणार नाही. आईने मान हलवली. पिशवी काढण्याचं तिने विचारलं नाही.

फाटकाबाहेर आलो तोवर तिचा फोन वाजायला लागला होता. दादा होते. हनुमंतराव आमचे, फोनवर इतक्या मोठ्याने बोलतात की फोनची गरज नसावी. ट्रॅक्टर भरायचाय, मुकादम डोक्यावर बसलाय, कुठवर आलीस, हे सगळं मला रस्त्याच्या कडेला उभं राहून ऐकू येत होतं. हे वाक्य मी लहानपणापासून ओळखते. या वाक्यानंतर आई नेहमी उठते. मी रिकाम्या रिक्षासाठी हात करायच्या तयारीत होते, स्टँडपर्यंत सोडायला.

“मी येत न्हाई,” आई फोनमध्ये म्हणाली. पलीकडून काहीतरी आलं. “उद्याबी न्हाई. मुकादमाला सांगा, कोयता अर्धा हाय म्हनून.” दादांनी बहुधा विचारलं की काय निघालंय, रक्ताचं काय म्हणतात. आईने माझ्याकडे पाहिलं. 

“तिला मी पायजे हाय,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मग तिने विचारलं, खोलीवर निजायला जागा हाय का. मी म्हटलं, माझी एकच कॉट आहे, अरुंद. ती म्हणाली, मग खाली टाकू, दोगी खाली निजू.